डबा सगळ्यात शेवटी: कोल्हापुरात नव्यानं मेहनत सुरू करणाऱ्यासाठी खुराकाचा हिशोब

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या तालमीत आठ-दहा नवी पोरं येतात. लंगोट कसा आवळायचा ते कुणालाच धड ठाऊक नसतं, पण त्यांतल्या दोघा-तिघांच्या पिशवीत प्रथिनांच्या (प्रोटीन) पावडरचा डबा असतोच. ‘दादा, ह्यातलं किती चमचं घ्यायचं?’ हा पहिल्या दिवसाचा पहिला प्रश्न. वस्ताद डब्याकडं बघतात, पोराच्या दंडाकडं बघतात आणि म्हणतात, ‘आधी शंभर बैठका मार, मग बघू.’

पंधरा वर्षांपूर्वी मीही असाच आलो होतो. डबा नव्हता, पण घरच्यांनी दोन लिटर म्हशीचं दूध लावून दिलं होतं. पोरगं पैलवान होणार म्हणून आजी रोज वर तुपाचा चमचा सोडायची. सहा महिन्यांत वजन नऊ किलोनं वाढलं आणि त्यातलं बरंचसं पोटावर जाऊन बसलं. पुढं शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासाला गेलो, व्यायामाच्या शरीरशास्त्रावरचे शोधनिबंध वाचायची खोड लागली, तेव्हा त्या पोटाचा उलगडा झाला. खुराक घेत होतो हजार बैठका मारणाऱ्याचा, आणि मेहनत होती दोनशेची.

खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं स्टुअर्ट फिलिप्स यांच्या कामावर बेतलंय. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठ आहे, तिथं ते आणि त्यांचे सहकारी गेली पंचवीसेक वर्षं एकाच प्रश्नामागं आहेत: वजन उचलल्यावर स्नायूत नेमकं काय होतं आणि त्यात खाण्याचा वाटा किती? प्रश्न आपल्या वस्तादांचाच आहे. फक्त त्यांनी तो सुया आणि यंत्रं घेऊन विचारला.

पहिली पायरी: एकदा दवाखाना

हे झटपट उरकून टाकू. रक्तदाब, रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारी रक्ततपासणी) एवढं तपासून घ्या. निरोगी माणसाची मूत्रपिंडं जास्त प्रथिनांनी बिघडतात असं अभ्यासांत आढळलेलं नाही. पण आधीच मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेवढंच खा. घरात कमी वयात हृदयविकारानं कुणी गेलं असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसरी पायरी: मेहनत, आणि तिची वही

पहिले दोन महिने खाण्याचा हिशोबच करू नका. नेहमीचं जेवा आणि मेहनतीची सवय लावा. त्याला कारण आहे. सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत ताकद भराभर वाढते, काल दहा जोर निघत होते ते आज पंधरा निघतात. पोरांना वाटतं, दंड फुगला. मोरितानी आणि डीव्हराईज या दोघांनी १९७९ मध्ये हे तपासलं होतं. सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून येते. मेंदू त्याच स्नायूंकडून जास्त काम काढून घ्यायला लागतो. स्नायू जाड व्हायला त्यानंतर सुरुवात होते. म्हणजे पहिल्या महिन्यात टेपनं दंड मोजून निराश होऊ नका, आणि त्या महिन्यात जो डबा संपला त्याला श्रेयही देऊ नका.

जोर-बैठका की जिममधली वजनं, यावर गंगावेशीत तुम्हाला तासभर वाद ऐकायला मिळेल. मॅकमास्टरमध्ये २०१२ साली यासारखाच प्रश्न घेतला. अठरा तरुण, दहा आठवडे, मांडीचा व्यायाम. काही पायांना जास्तीत जास्त उचलता येणाऱ्या वजनाच्या ८० टक्के वजन, काहींना फक्त ३० टक्के. अट एकच, प्रत्येक फेरी पाय पुरता थकेपर्यंत. तीन-तीन फेऱ्या करणाऱ्या दोन्ही गटांत मांडीचा स्नायू जवळजवळ सारखाच वाढला. एका झटक्यात जड उचलायची ताकद मात्र जड वजनवाल्यांत जास्त आली.

याचा आपल्यापुरता अर्थ असा, की घरच्या अंगणात जोर मारणाऱ्याचंही अंग भरतं, पण शेवटचे चार-पाच जोर निघता निघत नाहीत इथपर्यंत जायला हवं. वीस जोर आरामात मारून मोबाइल बघत बसणाऱ्याला ना तालीम वाचवते ना जिम. आणि ज्याला कुस्तीत समोरच्याला उचलून टाकायचंय, त्यानं कधीतरी जडाला हात घालायलाच हवा.

नवख्याला आठवड्यातून तीन दिवस पुरे. एकाआड एक. पाय, छाती, पाठ, खांदे असे मोठे स्नायू प्रत्येक वेळी हलले पाहिजेत. जोर, बैठका, दोरावर किंवा बारवर ओढ, आणि हौद्यातली माती उकरणं. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, फावडं घेऊन अर्धा तास लाल माती उकरून बघा, पाठीचा आणि दंडाचा कुठला स्नायू कुठं असतो ते दुसऱ्या दिवशी सकाळी समजतं.

दहा रुपयांची वही घ्या. तारीख, व्यायाम, किती झाले. पुढच्या आठवड्यात एक तरी आकडा वाढला पाहिजे. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा वही बरी, घामेजल्या हातानं लिहिता येतं आणि वस्ताद येता-जाता तिच्यात डोकावतात.

तिसरी पायरी: आत काय चाललंय ते एकदा समजून घ्या

इथं थोडं रेंगाळणार आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढं कुणी काहीही विकायला आलं तरी तुम्ही फसत नाही.

पेठेतला एखादा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. गवंडी रोज काही झिजलेल्या विटा काढतोय आणि काही नव्या बसवतोय. बाहेरून बघणाऱ्याला वाडा तसाच दिसतो. स्नायू असाच आहे. त्यातली प्रथिनं सतत मोडतात आणि सतत नव्यानं बनतात. बसवलेल्या विटा काढलेल्यांपेक्षा जास्त झाल्या की भिंत जाड होते.

पण आत चाललेलं हे काम मोजायचं कसं? त्यासाठी दोन गोष्टी लागल्या. एक, मांडीतून स्नायूचा छोटा तुकडा काढणारी पोकळ सुई. योनास बर्गस्ट्रॉम या स्वीडिश डॉक्टरनं ती १९६२ साली वापरात आणली. जागा बधिर करतात, बारीक चीर देतात आणि सुई आत घालतात. दुसरी गोष्ट म्हणजे खुणेच्या विटा. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांत नेहमीच्या कार्बनऐवजी किंचित जड कार्बन घालतात. तो किरणोत्सारी नसतो, त्याचा त्रास नसतो. असं खुणेचं अमिनो आम्ल शिरेतून सोडायचं, काही तासांच्या अंतरानं स्नायूचे दोन तुकडे घ्यायचे आणि खुणेच्या किती विटा भिंतीत बसल्या ते यंत्रावर मोजायचं.

फिलिप्स तेव्हा टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या प्रयोगशाळेत होते. १९९७ मध्ये त्यांनी आठ जणांवर, चार पुरुष आणि चार बायका, हे मोजलं. वजनाच्या व्यायामानंतर तीन तासांनी विटा बसण्याचा वेग ११२ टक्क्यांनी वाढलेला होता. चोवीस तासांनी ६५ टक्क्यांनी. अठ्ठेचाळीस तासांनीसुद्धा ३४ टक्क्यांनी. एका सकाळच्या मेहनतीनं गवंडी दोन दिवस कामाला लागतो. एकाआड एक दिवसाचा जुना रिवाज इथं नेमका बसतो.

त्याच अभ्यासातली दुसरी बाब पोरं वाचत नाहीत. व्यायामानं मोडण्याचा वेगही वाढला होता. ती आठही माणसं उपाशीपोटी होती, आणि त्यामुळं सगळा हिशोब मांडल्यावर जमाखर्च वजाच राहिला. व्यायामानं तूट कमी केली, भरून मात्र काढली नाही. पुढं केव्हिन टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायामानंतर अमिनो आम्लं प्यायला दिली, तेव्हा जमा बाजू वर आली. गवंड्याला मेहनत बोलावून आणते, विटा जेवणातून येतात. नुसत्या विटा आणून अंगणात टाकल्या आणि गवंडी आलाच नाही, तर काय होतं ते माझ्या सहा महिन्यांच्या पोटानं सिद्ध केलेलं आहे.

चौथी पायरी: आपला आकडा काढा

आता तिसऱ्या महिन्यात आहात असं धरू. सकाळी मोकळ्या पोटी वजन करा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं सर्वसाधारण प्रौढ माणसाला दिवसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. तेवढ्यात माणूस तब्येतीनं नीट राहतो. अंग कमवणाऱ्याला जास्त लागतात. किती, यावर रॉबर्ट मॉर्टन, फिलिप्स आणि इतरांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोग एकत्र करून पाहिले, मिळून १८६३ माणसं. किलोमागं साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढं सरासरीनं फारसा नाही.

साठ किलोच्या पोराला ९६ ग्रॅम झाले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं तो गट ५७ किलोचा होता. त्या वजनाला हा आकडा ९१ येतो. शंभर किलोच्या केसरीचा खुराक ऐकून घाबरायचं किंवा भारावून जायचं काही कारण नाही. वजन बरंच जास्त आणि चरबी भरपूर असेल, तर सध्याचं वजन धरू नका, उंचीला शोभेल तेवढं धरा.

त्याच २०१८ च्या अभ्यासातला आणखी एक आकडा मी तालमीच्या भिंतीवर लिहून ठेवावा म्हणतो. व्यायाम दोन्ही बाजूंनी केला, फक्त एका बाजूनं जादा प्रथिनं घेतली. त्या जादा प्रथिनांनी चरबीविरहित वजनात पडलेली भर सरासरी ३०० ग्रॅम होती. तीनशे ग्रॅम! तेही आठवडेच्या आठवडे मेहनत केल्यावर. फायदा खरा आहे, पण केवढा आहे ते बघा, आणि मग डब्यावरचा उघडा माणूस बघा.

पाचवी पायरी: आकडा ताटात उतरवा

साठ किलोच्या पोराचा एक साधा दिवस मांडतो. आकडे ढोबळ आहेत, चार-दोन ग्रॅम इकडं-तिकडं.

सकाळी तालमीतून आल्यावर अर्धा लिटर म्हशीचं दूध, १९ ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी १३, मटकीच्या उसळीची मोठी वाटी ८, दह्याची वाटी ५. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि तेवढेच फुटाणे, दोन्ही मिळून १३. रात्री दोन चपात्या ७, थोडा भात ३, आमटीची वाटी ६, आणि झोपताना पेलाभर दूध ९. बेरीज ९५.

यात मटण नाही, चिकन नाही, पनीर नाही आणि डबा तर नाहीच. रविवारी तांबडा-पांढरा झाला की त्यात शंभर ग्रॅम शिजलेलं मटण म्हणजे आणखी पंचवीसेक ग्रॅम. मात्र नुसता रस्सा चार वाट्या ओढून ‘आज प्रथिनं झाली’ म्हणणाऱ्यांनी पांढऱ्यात खोबरं आणि खसखस किती असते ते घरी विचारावं. प्रथिनं फोडींत असतात. रस्सा चवीसाठी प्या, पोट भरून प्या, हिशोबात धरू नका.

मिसळीचंही तसंच. खाली मटकी आहे म्हणून मन खूश होतं, पण वर फरसाण, कट आणि पाव. आठवड्यातून एकदा, मेहनतीनंतर, कोण नको म्हणतंय.

एका वेळी किती? २००९ मध्ये सहा तरुणांना पायाच्या व्यायामानंतर अंड्याच्या प्रथिनाचे ०, ५, १०, २० आणि ४० ग्रॅम असे डोस वेगवेगळ्या दिवशी दिले. वीस ग्रॅमपर्यंत स्नायूची बांधणी वाढली, चाळीसला फारशी पुढं गेली नाही, जादा भाग इंधन म्हणून जळला. ‘वीसपेक्षा जास्त पचतच नाही’ ही जिममधली समजूत तिथून आली. पण तो फक्त पायांचा व्यायाम होता. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात २०१६ साली सगळ्या अंगाचा व्यायाम देऊन पाहिलं, तेव्हा चाळीसनं वीसपेक्षा साधारण वीस टक्के जास्त काम केलं. आणि २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तच्या गटानं एकदम १०० ग्रॅम देऊन बघितले, तर बांधणी बारा तासांहून जास्त चालत राहिली. एकदम खाल्लेलं वाया जातं असं म्हणायला त्यामुळं जागा उरली नाही. तुम्ही दिवसाचे तीन-चार भाग करा, प्रत्येकात वीस-पंचवीस ग्रॅम येऊ द्या, आणि एखाद्या लग्नात सगळं एकदम झालं तर जीव खाऊ नका.

आपल्याकडं गडबड सकाळी होते. पोहे आणि चहा. त्यात प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम. पोह्यांना नावं ठेवत नाही, पण शेजारी दोन अंडी किंवा मोड आलेल्या कडधान्याची वाटी हवी.

दूध, थंडाई, अंडी: वस्ताद कुठं बरोबर होते

दुधावर फिलिप्स यांच्या गटानं बरंच काम केलंय. २००७ मध्ये व्यायामानंतर साय काढलेलं दूध आणि तेवढ्याच प्रथिनांचं सोयाचं पेय यांची तुलना केली, दूध पुढं राहिलं. त्याच वर्षी ५६ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यातही दूध पिणाऱ्यांचं अंग जास्त भरलं. दुधात दोन प्रकारची प्रथिनं असतात. व्हे लवकर पचतं, केसीन सावकाश. शिवाय ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, आणि स्नायूला कामाला लागायची हाक देण्यात त्याचा मोठा हात आहे. डब्यात जे व्हे मिळतं ते चीज करताना उरलेल्या पाण्यातून काढतात. पनीर केल्यावर आई जे पाणी कणकेत घालते, त्याचं ते भावंडं.

आता म्हशीच्या दुधाचा खरा हिशोब. एका लिटरमध्ये प्रथिनं ३८ ग्रॅमच्या आसपास आणि उष्मांक हजारच्या घरात, कारण साय. जुने पैलवान पहाटे तीनला उठून हजार-हजार जोर-बैठका आणि संध्याकाळी दोन तास लढती करायचे. त्यांना तो हजाराचा आकडा पुरत नव्हता, म्हणून वर तूप आणि बदाम. तुम्ही शाहूपुरीत दिवसभर दुकानात खुर्चीवर बसता. अर्धा ते पाऊण लिटर घ्या, आणि वजन पोटावर चढायला लागलं तर साय काढा.

दूध कट्ट्यावर म्हशीखालचं धारोष्ण दूध समोर पिळून पेल्यात मिळतं. त्याची मजा काही और, मीही प्यालोय. पण कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे जंतू येऊ शकतात. उकळल्यानं प्रथिनं कुठं पळून जात नाहीत. घरी आणा, उकळा, प्या.

थंडाईचं सांगायचं तर कुंडीत बदाम घोटणं हा स्वतःच एक व्यायाम आहे. दहा बदामांत प्रथिनं अडीच ग्रॅम. पन्नास बदाम घोटलेत तर बारा ग्रॅम आणि साडेतीनशे उष्मांक. बदाम हा मुख्यतः स्निग्धांश आहे, प्रथिनांसाठी त्याच्या मागं लागणं परवडत नाही. तेवढ्याच पैशात शेंगदाणे किती येतात ते लक्ष्मीपुरीत जाऊन विचारा.

अंड्यातला पिवळा बलक फेकणाऱ्यांची एक पिढी जिमनं तयार केली. २०१७ मध्ये सारख्याच १८ ग्रॅम प्रथिनांची पूर्ण अंडी आणि नुसता पांढरा भाग, असं देऊन बघितलं. पूर्ण अंड्यानं स्नायूची बांधणी जास्त केली. कोलेस्टेरॉलचा त्रास असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारावं, बाकीच्यांनी बलक गटारात ओतू नये.

माळकऱ्याच्या घरातल्या पोरासाठी

आपल्याकडं हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो लाजत विचारला जातो. लाजू नका. ज्वारीत आणि गव्हात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. भाकरी-उसळ आणि भात-आमटी या जोड्या म्हणूनच बरोबर बसतात. अडचण असते ती प्रमाणाची. ताटात तीन भाकरी आणि तळाशी पातळ आमटी. ते उलटं करा, दीड भाकरी आणि वाटीभर घट्ट उसळ. सोबत दूध-दही-ताक घेत असाल तर आकडा गाठणं अवघड नाही. दूधही नको असेल तर सोयाबीनच्या वड्या. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत २६ ग्रॅम प्रथिनं, आणि कोल्हापुरी मसाल्यात परतल्या की खाणाऱ्याला तक्रार उरत नाही.

भाकरीला शत्रू करू नका

हल्ली पोरं भात-भाकरी सोडून नुसती अंडी खातात आणि तिसऱ्या लढतीत हौद्यात बसून राहतात. १९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी हल्टमन यांनी एक गमतीदार प्रयोग स्वतःवरच केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकानं एकेका पायानं पेडल मारलं. दुसरा पाय आरामात. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण. थकलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, आराम केलेल्या पायाच्या साधारण दुप्पट साठला. मेहनत केलेला स्नायू भात-भाकरी ओढून घेतो आणि पुढच्या लढतीसाठी साठवतो. पेठेच्या फुटबॉल संघाकडून शाहू स्टेडियमवर सामनाभर पळणाऱ्यालाही हेच लागू. सामन्याच्या आदल्या रात्री भात खा.

वेळेचं भूत

‘व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात घेतलं नाही तर सगळं वाया.’ हे ऐकून पोरं अंघोळ न करता पेला शोधत फिरतात. वर सांगितलंय, गवंडी दोन दिवस कामावर असतो. दिवसभराची बेरीज नीट असेल तर तासाभरानं काही बिघडत नाही. अगदी मोकळ्या पोटी मेहनत केली असेल तर मात्र घरी गेल्यावर लवकर जेवा. दिवसाचा उपास आणि रात्री लढती असला प्रकार करू नका.

रविवारच्या पार्टीबद्दल एकच. २०१४ मध्ये व्यायामानंतर दारू देऊन मोजलं. बरोबर प्रथिनं घेतली तरी बांधणी २४ टक्क्यांनी घसरली. वस्ताद हेच वेगळ्या शब्दांत सांगतात, ते शब्द इथं छापता येणार नाहीत.

आता डबा

इथपर्यंत आलात, वहीत तीन महिन्यांचे आकडे आहेत, ताटाची बेरीज चार दिवस करून पाहिली आणि रोज वीस-पंचवीस ग्रॅम कमीच पडतात, सकाळी कॉलेजची घाई असते. मग डबा घ्या, वाईट काही नाही. ते दुधातलंच सुकवलेलं प्रथिन आहे. दिवसाला एक माप. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघा, पक्कं बिल घ्या, झाकणाची सीलबंदी बघा. एका मापात किती ग्रॅम प्रथिनं आणि माप स्वतः किती ग्रॅमचं, हे दोन आकडे शेजारी ठेवा. तीस ग्रॅमच्या मापात बारा ग्रॅम प्रथिनं असतील तर उरलेली बहुतेक साखर आहे, तिच्यासाठी आपल्याकडं गूळ आहे.

क्रिएटिन, म्हणजे स्नायूला झटपट जोर लावायला मदत करणारा पदार्थ, यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट बऱ्याच जणांना थोडी मदत करतं. स्नायूत पाणी धरल्यानं वजन किलोभर वाढू शकतं, वजनगटात लढणाऱ्यानं वजन करायच्या दिवसाआधी हे लक्षात ठेवावं. अठराच्या आतल्या पोरांना मी सांगत नाही. बाकीच्या रंगीत बाटल्यांवर पैसे घालवू नका.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरात सांगतो. उत्तेजक चाचणीत सापडलात तर ‘डब्यात होतं, मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. आणि ‘महिन्यात अंग भरतं’ म्हणून कुणी इंजेक्शन काढलं, तर त्या माणसाला वस्तादांसमोर उभं करा.

सहावी पायरी: दर महिन्याला मोजमाप

महिन्यातून एकदा, त्याच वेळी, मोकळ्या पोटी वजन. टेपनं दंड, मांडी, छाती आणि बेंबीपाशी कंबर. कंबर दंडापेक्षा जोरात वाढत असेल तर दूध-तूप कमी करा. वजन हलत नाही आणि वहीतले आकडेही थांबलेत, तर आधी झोप बघा. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला तालीम हे फार दिवस चालत नाही. झोप ठीक असेल तर ताट वाढवा, भाकरीपासून.

एक गोष्ट वडिलांसाठीही घेऊन जा. वय वाढलं की स्नायू तेवढ्याच प्रथिनाला कमी दाद देतो. एका वेळच्या जेवणात तरुणाला किलोमागं ०.२४ ग्रॅम पुरतात, तर साठी-सत्तरीच्या माणसाला ०.४० च्या आसपास लागतात, असा २०१५ चा हिशोब आहे. सत्तर किलोच्या आजोबांना एका जेवणात २८ ग्रॅम. प्रत्यक्षात घरात ताट कुणाचं हलकं होतं? ‘आता या वयात काय’ म्हणून रात्री नुसता दूध-भात त्यांनाच मिळतो. त्यांच्या पुढ्यात एक अंडं किंवा उसळीची वाटी सरकवा, आणि खुर्चीवरून दहा वेळा हात न टेकता उठायला सांगा. आमच्याकडं आजी हे रोज संध्याकाळी करते. मोजणी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर असते. गेल्या आठवड्यात ती चौदावर गेली, आणि मग तिनं विचारलं, तुझ्या दुधावर तूप सोडू का.